विकसनशील देशाला विकसित व्हायचे असेल, तर कोणती कामे कोणत्या क्रमाने करावीत

‘विकसित देश’ ही पदवी कोणी समारंभपूर्वक बहाल करत नाही. जागतिक व्यापार संघटनेत तर आपण विकसित की विकसनशील हे प्रत्येक देश स्वतःच जाहीर करतो. त्यामुळे कोठे पोहोचायचे आहे हे आधी ठरवून घ्यावे लागते. जागतिक बँक दरडोई सकल राष्ट्रीय उत्पन्नावरून देशांचे चार गट पाडते आणि त्यांतील सर्वांत वरच्या गटाचा उंबरठा सध्या वर्षाला सुमारे १४ हजार डॉलर इतका आहे. १९९० पासून प्रसिद्ध होणारा मानव विकास निर्देशांक उत्पन्नाच्या जोडीला आयुर्मान आणि शिक्षणही मोजतो. या दोन्ही मोजपट्ट्या एकत्र वापराव्यात, कारण एकटे उत्पन्न फसवते. खनिज तेल सापडल्यावर इक्वेटोरियल गिनी हा छोटा देश काही वर्षे उच्च उत्पन्नाच्या गटात जाऊन बसला, परंतु तेथील बहुसंख्य लोकांसाठी पाणी, दवाखाना आणि शाळा यांची स्थिती गरीब देशासारखीच राहिली.

पुढे दिलेला क्रम हा दोन-तीन पिढ्यांत गरिबीतून वर आलेल्या मोजक्या देशांच्या आणि त्याहून कितीतरी अधिक संख्येने अर्ध्या वाटेवर अडकलेल्या देशांच्या अनुभवावरून काढलेला आहे. तो जसाच्या तसा उचलता येणार नाही, मात्र आधी कळस मग पाया असे केल्यास काय होते, हे त्यातून नीट दिसते.

वेळेचा हिशेब

समजा, एखाद्या देशाचे दरडोई उत्पन्न २,५०० डॉलर आहे. त्याला १४ हजारांवर पोहोचण्यासाठी ते साडेपाच पटींहून थोडे अधिक वाढवावे लागेल. महागाई वगळून दरडोई उत्पन्न दरवर्षी ७ टक्क्यांनी वाढले, तर त्याला सुमारे २५ वर्षे लागतात. ४ टक्क्यांनी वाढले, तर ४४. आणि २ टक्क्यांनी वाढले, तर ८७. लोकसंख्या वाढत असेल, तर एकूण उत्पन्न याहून वेगाने वाढावे लागेल, हेही लक्षात घ्यावे. या आकड्यांचा खरा अर्थ राजकीय आहे. सर्वांत वेगवान मार्गावरही पाच-सहा निवडणुका किंवा तितकीच सत्तांतरे लागतात, म्हणून जे धोरण एका नेत्याच्या हयातीपुरते टिकेल ते या कामाला पुरत नाही. शिवाय अधूनमधून येणारी पडझडही महागात पडते. विसाव्या शतकाच्या आरंभी अर्जेंटिनाची गणना जगातील श्रीमंत देशांत होत असे. पुढे वाढीची चांगली वर्षे तेथेही पुष्कळ आली, पण प्रत्येक चांगल्या टप्प्यानंतर महागाई किंवा कर्जबुडी आली आणि कमावलेले पुन्हा गेले. २००१ पासूनच्या वीस वर्षांतच त्या देशाने तीनदा कर्जाची परतफेड चुकवली.

सुरुवात शेतीपासून

बहुतेक गरीब देशांत निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक लोक शेतीवर जगतात. अशा वेळी राजधानीत मनोरे उभारण्याने लवकर छायाचित्रे मिळतात, उत्पन्न मिळत नाही. या टप्प्यावर देशाकडे भरपूर असते ते फक्त मनुष्यबळ, आणि ते अधिकाधिक लावून उत्पादन वाढवता येईल अशी जागा म्हणजे लहान शेत. स्वतःच्या एक-दोन हेक्टरांवर राबणारे कुटुंब निंदणी, खत आणि पाणी यांकडे जितके लक्ष देते तितके लक्ष दुसऱ्याच्या जमिनीवर, निम्मे पीक खंडापोटी देणारे कूळ देत नाही, कारण वाढीव पिकातला अर्धा वाटा त्याचा नसतोच.

तैवानने हे काम कसे केले ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. १९४९ मध्ये खंडाची कमाल मर्यादा मुख्य पिकाच्या साडेसदतीस टक्क्यांवर आणली गेली. त्यानंतर सरकारी जमीन विकली गेली आणि १९५३ मध्ये मर्यादेपेक्षा जास्त असलेली जमीन जमीनदारांकडून घेऊन ती कसणाऱ्याला हप्त्यांवर देण्यात आली. जमीनदारांना मोबदला मिळाला, पण तो रोख नव्हता. त्यातील ७० टक्के भाग भात आणि रताळी यांच्या भावाशी जोडलेल्या रोख्यांत होता, तर उरलेले ३० टक्के सिमेंट, कागद अशा सरकारी कंपन्यांच्या समभागांत होते. म्हणजे ज्या वर्गाने कायदा हाणून पाडला असता, त्याच वर्गाला कारखानदारीत हितसंबंध मिळाला. दक्षिण कोरियानेही साधारण त्याच सुमारास सुमारे ३ हेक्टरांची मर्यादा घातली.

आता याच्या उलट बाजू पाहा. फिलिपिन्सच्या १९८८ च्या जमीन सुधारणा कायद्यात मोठ्या शेती कंपन्यांना एक पळवाट ठेवलेली होती. तिच्यानुसार मजुरांना जमिनीऐवजी कंपनीचे समभाग देता येत. तैवानमध्ये समभाग जमीनदाराला मिळाले आणि जमीन कुळाला. फिलिपिन्समध्ये अशा मळ्यांत समभाग मजुराला मिळाले आणि जमीन मालकाकडेच राहिली. दोन्ही कायद्यांना जमीन सुधारणाच म्हणत होते. म्हणून जमिनीविषयी कायदा करताना मर्यादा स्पष्ट ठेवावी, अपवाद जवळजवळ ठेवू नयेत, मोबदला असा द्यावा की तो पुढे उद्योगांत गुंतेल, आणि ज्या हंगामात जमीन मिळते त्याच हंगामात शेतकऱ्याला कर्ज, बियाणे आणि सल्ला देणारी यंत्रणा गावापर्यंत पोहोचलेली असावी. शेवटची अट पाळली नाही, तर नवा मालक तीन वर्षांत सावकाराच्या दारात उभा राहतो.

वाढलेल्या पिकातून तीन गोष्टी साधतात: शहरातील कामगाराला अन्न स्वस्त मिळते, गावात साध्या कारखानदारी वस्तूंना गिऱ्हाईक तयार होते आणि मुलांना शेतावर न पाठवता शाळेत पाठवणे परवडते.

कारखाने आणि परीक्षा

शेती कितीही सुधारली, तरी तिच्यातून एका मर्यादेपलीकडे उत्पन्न वाढत नाही, आणि येथून पुढचा टप्पा खरा अवघड आहे. श्रीमंत देशांतील कंपन्यांशी पहिल्याच दिवशी स्पर्धा करणे नवख्या उद्योजकाला शक्य नसते. म्हणून आयातशुल्क, स्वस्त कर्ज, करमाफी अशा स्वरूपाचे संरक्षण द्यावे लागते. अमेरिका, जर्मनी आणि जपान यांनी आपापल्या काळात ते दिले होते. मात्र संरक्षण देणे सोपे असते आणि देणाऱ्याचे कौतुकही होते. दिलेले काढून घेणे कठीण असते. माझ्या मते विकसित झालेले आणि अडकलेले देश यांच्यातील सर्वांत मोठा फरक या दुसऱ्या कामात आहे.

दक्षिण कोरियाने यासाठी वापरलेली युक्ती अतिशय साधी होती. उद्योजक कार्यक्षम आहे की नुसता मंत्र्यांच्या ओळखीचा, हे अधिकाऱ्याने ठरवायचे नाही. परदेशी गिऱ्हाइकाने ठरवायचे. निर्यातीची पक्की मागणी आणि तिच्यासाठीचे पतपत्र (खरेदीदाराच्या बँकेने दिलेली पैशांची हमी) दाखवणाऱ्याला बँक कमी व्याजाने कर्ज देई. निर्यातीच्या प्रगतीची बैठक दरमहा होत असे आणि तिला खुद्द राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग ही बसत. स्वतःच्या देशात कोणालाही वस्तू खपवता येते, कारण आयातच बंद असते. परक्या बाजारात खपवण्यासाठी मात्र दर्जा आणि किंमत दोन्ही जमावी लागतात. पहिल्या काही वर्षांत निर्यातीत प्लायवूड आणि मानवी केसांचे टोप यांचा भरणा होता, याची पुढे कोणाला लाज वाटली नाही. १९६४ मध्ये १० कोटी डॉलरचा टप्पा गाठणारी ही निर्यात १९७७ मध्ये १,००० कोटी डॉलरवर पोहोचली.

मोटारींचे उदाहरण घेतले की मुद्दा अधिक स्पष्ट होतो. मलेशियाने १९८३ मध्ये प्रोटॉन ही राष्ट्रीय मोटार कंपनी स्थापन केली आणि तिला आयातशुल्काची उंच भिंत बांधून दिली. देशात तिला तुल्यबळ स्पर्धक नव्हता आणि निर्यातीची कठोर सक्तीही नव्हती. कोरियातील ह्युंदाईलाही भिंत मिळाली होती, पण त्या भिंतीच्या आत दुसऱ्या कोरियन कंपन्याही होत्या. पोनी हे तिचे पहिले स्वतःचे मॉडेल बाजारात येताच १९७६ मध्ये त्या मोटारी इक्वेडोरला रवाना झाल्या. प्रोटॉनचे जवळजवळ निम्मे भागभांडवल २०१७ मध्ये एका चिनी कंपनीने विकत घेतले. म्हणून संरक्षण देताना तीन अटी लेखी असाव्यात: मुदत ठरलेली असावी, एकाच क्षेत्रात किमान दोन-तीन देशी स्पर्धक असावेत आणि निर्यातीचे लक्ष्य चुकवणाऱ्याची सवलत आपोआप बंद व्हावी. ‘आपोआप’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण प्रत्येक वेळी निर्णय घ्यावा लागला, तर प्रत्येक वेळी रदबदली होते.

मोठ्या आणि धोक्याच्या प्रकल्पांबाबत सल्लागारांचे ऐकावे की नाही, याचे ठाम उत्तर देता येत नाही. पोहांगच्या पोलाद कारखान्यासाठी दक्षिण कोरियाने परदेशी कर्ज मागितले तेव्हा, १९६९ मध्ये, जागतिक बँकेचा अभिप्राय प्रतिकूल पडला आणि कर्जपुरवठादारांनी हात वर केले. लोहखनिज नाही, अनुभव नाही, बाजारपेठ लहान, असे त्यांचे आक्षेप होते आणि कागदावर ते चुकीचे नव्हते. मग दोन्ही देशांतील संबंध पूर्ववत करणाऱ्या १९६५ च्या करारानुसार जपानकडून मिळणाऱ्या रकमेतला मोठा हिस्सा तिकडे वळवण्यात आला. तंत्रज्ञानही जपानी कंपन्यांकडून आले आणि १९७३ मध्ये कारखाना चालू झाला. १९७७ मध्ये तेथील एका बांधकामाच्या पायात काँक्रीटचे काम निकृष्ट निघाले, तेव्हा कारखान्याचे प्रमुख पार्क ते-जून यांनी सुमारे ८० टक्के पूर्ण झालेले ते काम डागडुजी न करता सुरुंग लावून पाडायला लावले, आणि तेही कामगार व कंत्राटदार यांच्या देखत. पोलाद कारखाना काढावा, असा या गोष्टीचा बोध नाही. असे कारखाने काढून कर्जात बुडालेले देश पुष्कळ आहेत. प्रकल्प निवडण्याइतकेच तो कोणाच्या हाती देतो आणि खराब काम तेथे कसे हाताळले जाते, हे पाहणे आवश्यक असते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग ही यांची राजवट लष्करी होती आणि कामगार संघटना तिने दडपल्या, म्हणून हुकूमशाही हाच या पाककृतीतला मसाला आहे असे अनेकांना वाटते. हुकूमशहा असलेले आणि गरीबच राहिलेले देश मोजायला घेतले, तर हा समज टिकत नाही. बोट्सवाना आणि मॉरिशस यांनी निवडणुका घेत घेतच प्रगती केली.

हाताला काम शिकवणे

शिक्षणावर सर्वांचे एकमत असते आणि म्हणूनच त्याबाबत सर्वाधिक ढिसाळपणा होतो. पटसंख्या म्हणजे शिक्षण नव्हे. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतील दहा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ५३ टक्के मुलांना साधा मजकूर वाचून समजत नाही, असे जागतिक बँकेने २०१९ मध्ये म्हटले होते. तेव्हा पैसा मर्यादित असताना तो आधी प्राथमिक शाळेवर, त्यातही वाचन आणि अंकगणित पक्के होण्यावर खर्च करावा, आणि विद्यापीठांची संख्या वाढवण्याची घाई करू नये. लसीकरण, स्वच्छ पाणी आणि मैलानिचरा ही कामे याच टप्प्यावर उरकावीत. आजारी मूल शाळेत बसले, तरी शिकत नाही.

परंतु कारखान्याचे ज्ञान पुस्तकातून येत नाही, ते माणसाकडून माणसाकडे जाते. १९७९ मध्ये बांगलादेशातील देश गार्मेंट्स या कंपनीने कोरियाच्या देवू कंपनीशी करार करून सुमारे १३० जणांना पुसानच्या कारखान्यात शिकायला पाठवले. शिवणयंत्रे चालवण्यापासून ते मालाचा दर्जा तपासण्यापर्यंत आणि परदेशी खरेदीदाराशी व्यवहार करण्यापर्यंत सर्व काही ते पाहून आले. पुढच्या काही वर्षांत त्यांतील बहुतेक जणांनी ती कंपनी सोडली आणि स्वतःचे किंवा दुसऱ्याचे कारखाने उभे केले. कंपनीच्या दृष्टीने हा तोटाच होता, पण देशाच्या दृष्टीने तयार कपड्यांच्या अवाढव्य उद्योगाची ती पेरणी ठरली. त्या उद्योगात लाखो स्त्रिया आल्या आणि त्यांच्या हातात स्वतःची मजुरी पडली. परदेशी गुंतवणूक बोलावताना करारात किती कोटी येणार हे पाहतातच, त्याऐवजी आपली किती माणसे कोणत्या जागांवर, कोणते काम शिकणार हे आधी विचारावे.

पैसा कोठून आणावा

जितकी देशांतर्गत बचत जास्त तितके परावलंबन कमी. बचतीसाठी सुरक्षित बँका किंवा टपाल बचत, स्थिर किमती आणि गावापर्यंतच्या शाखा पुरतात. त्यात गूढ काही नाही. परकीय कर्ज घ्यायचे असल्यास ते दीर्घ मुदतीचे आणि पुढे परकीय चलन कमावून देणाऱ्या कामासाठी घ्यावे. अल्प मुदतीचे डॉलरमधील कर्ज घेऊन देशांतर्गत चलनात दीर्घ मुदतीची इमारत बांधणे हा जुना आणि वारंवार घडणारा अपघात आहे. २ जुलै १९९७ रोजी थायलंडला डॉलरशी बांधलेले आपले चलन मोकळे सोडावे लागले आणि वर्षअखेरीपर्यंत ही लाट दक्षिण कोरियापर्यंत जाऊन त्याला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दाराशी घेऊन गेली. बँकांवरील देखरेख सक्षम होण्यापूर्वी अल्पकालीन भांडवलाला दार उघडू नये, हे आता बहुतेक अर्थतज्ज्ञ मान्य करतात. त्या वेळी मात्र दार उघडण्याचा आग्रह धरणाऱ्यांतही अर्थतज्ज्ञच होते.

शासन: कर आणि काउंटर

विकसित देशांत कराचे उत्पन्न सरासरीने राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक तृतीयांशाच्या आसपास असते, तर अनेक गरीब देशांत ते १५ टक्क्यांच्याही खाली राहते. आडातच नसेल, तर पोहऱ्यात येणार कोठून? मात्र दर वाढवण्यापूर्वी जाळे रुंद करावे, सवलतींची यादी छाटावी आणि कर भरण्याची रीत इतकी सोपी करावी की मध्यस्थाची गरज उरू नये.

भ्रष्टाचाराविरुद्ध मोठ्या घोषणांपेक्षा सामान्य माणसाला रोज भेटणारे एक खाते निवडून ते पूर्णपणे बदलणे अधिक परिणामकारक ठरते. जॉर्जियाने २००४ मध्ये लाचखोरीसाठी कुप्रसिद्ध असलेले वाहतूक पोलीस दलच बरखास्त केले, नवी माणसे नव्या पगारावर घेतली आणि पोलीस ठाण्यांना काचेच्या भिंती केल्या. लोकांना बदल डोळ्यांनी दिसला, त्यामुळे पुढच्या, कमी दिसणाऱ्या सुधारणांनाही पाठिंबा मिळाला. त्याच सरकारच्या पुढील कारभारावर गंभीर आरोप झाले, हेही येथे नोंदवले पाहिजे.

जमिनीखाली संपत्ती सापडली, तर

ती कोणाची, हे ती बाहेर काढण्याआधी ठरवावे. बोट्सवाना १९६६ मध्ये स्वतंत्र झाला, तेव्हा तो जगातील अत्यंत गरीब देशांपैकी एक होता. पुढच्याच वर्षी ओरापा येथे हिऱ्यांचा मोठा साठा सापडला. खनिजांवरचा हक्क टोळ्यांकडून राष्ट्राकडे सोपवणारा कायदा त्याच वर्षी झाला. राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा ज्या टोळीच्या राजघराण्यातले होते, तिच्याच प्रदेशात ती खाण होती, हे विशेष. या उत्पन्नातून रस्ते, शाळा आणि परकीय चलनाची गंगाजळी उभी राहिली आणि १९९४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडणारा तो पहिला देश ठरला. तरीही तो अद्याप उच्च उत्पन्न गटात पोहोचलेला नाही, कारण हिऱ्यांच्या जोडीला दुसरे काही मोठे उभे राहिले नाही.

मधला पठारी भाग

१९६० मध्ये मध्यम उत्पन्न असलेल्या १०१ अर्थव्यवस्थांपैकी २००८ पर्यंत केवळ १३ उच्च उत्पन्नापर्यंत पोहोचल्या, असा जागतिक बँकेचा हिशेब आहे. या टप्प्यावर मजुरी वाढलेली असते, त्यामुळे गरीब देशांशी किमतीत स्पर्धा करता येत नाही, आणि स्वतःचे तंत्रज्ञान नसल्याने श्रीमंत देशांशीही करता येत नाही. पहिल्या टप्प्यात उपयोगी पडलेली सक्ती येथे निरुपयोगी ठरते, कारण नवे शोध बैठकीत लक्ष्य देऊन लागत नाहीत. तैवानने १९७३ मध्ये औद्योगिक संशोधन संस्था काढली, १९७६ मध्ये एका अमेरिकन कंपनीकडून चिप बनवण्याचे तंत्र परवान्यावर घेऊन आपले अभियंते तिकडे पाठवले, १९८० मध्ये शिंचू येथे विज्ञान उद्यान वसवले आणि १९८७ मध्ये इतर कंपन्यांसाठी चिप बनवणारी टीएसएमसी ही कंपनी स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या भांडवलात सरकारचा वाटा निम्म्याच्या जवळ होता. पेरणी आणि कापणी यांत चौदाहून अधिक वर्षांचे अंतर आहे. याच टप्प्यावर बुडणाऱ्या मोठ्यांना बुडू द्यावे लागते. कोरियातील सर्वांत मोठ्या उद्योगसमूहांपैकी एक असलेला देवू १९९९ मध्ये कोसळला, तेव्हा तो जसाच्या तसा वाचवण्यात आला नाही. विद्यापीठे, न्यायालये आणि दिवाळखोरीचा वेगवान कायदा यांवर खर्च करण्याची वेळ हीच असते.

लोकसंख्येचे घड्याळ मात्र कोणासाठी थांबत नाही. दक्षिण कोरियात १९६० च्या सुमारास एका स्त्रीमागे सरासरी सहा मुले होती. २०२३ मध्ये ते प्रमाण ०.७२ झाले. तो देश म्हातारा होण्यापूर्वी श्रीमंत झाला. थायलंडसारख्या देशांना ती संधी मिळेलच असे नाही, म्हणून निवृत्तिवेतन, स्त्रियांचा रोजगार आणि पाळणाघरे यांचा विचार तरुण लोकसंख्या असतानाच करावा.

वर्षातून एकदा काय तपासावे

वाढीचा दर वर्तमानपत्रे सांगतातच. त्याखेरीज दहा वर्षांच्या मुलांना वाचता येते का, हे बाहेरच्या यंत्रणेकडून तपासून घ्यावे. निर्यात होणाऱ्या पहिल्या दहा वस्तूंची यादी दहा वर्षांपूर्वीच्या यादीशेजारी ठेवावी, आणि ती जशीच्या तशी असेल, तर सावध व्हावे. बंदरात उतरलेला कंटेनर कारखान्यापर्यंत पोहोचायला किती दिवस लागतात हे मोजावे. शेवटी अर्थसंकल्पातील सवलतींचे परिशिष्ट उघडून त्यातील ज्यांची मुदत त्या वर्षी संपत होती त्यांच्यासमोर खूण करावी, आणि त्यांपैकी किती खरोखर बंद झाल्या व कितींना ‘जनहितार्थ’ मुदतवाढ मिळाली ते मोजावे.